येटेगाव

आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवल्याने मला दोन सवयी लागल्या. समोरचा बोलायला लागला की त्याचं वाक्य आपणच पूर्ण करायचं, ही पहिली. आणि ते चुकीचं पूर्ण करायचं, ही दुसरी. बायको गणिताची शिक्षिका होती. तिला उदाहरण शेवटपर्यंत वाचूनच सोडवायची सवय. सावेडीतल्या आमच्या घरात कुणाचं ऐकलं जातं, ते यावरून समजून घ्या.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. ती तिथे एका कलादालनात काम करते. म्हणाली, "बाबा, इंग्लंडहून एक चित्रकार नगरला येतेय. तिच्या खापरपणजीचं गाव आपल्या जिल्ह्यात कुठंतरी आहे. तुम्ही चार दिवस तिच्याबरोबर राहाल का?"

"चित्रकार म्हणजे आपल्यातलीच की!"

"चित्रं नाही काढत ती. इन्स्टॉलेशन करते."

"म्हणजे एसी बसवते?"

पलीकडून लगेच, "आईला द्या फोन."

आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, "ती बाई वस्तू मांडून, आवाज लावून कलाकृती करते. तुम्ही फक्त गाडी चालवायची आणि ती बोलेल ते लोकांना मराठीत सांगायचं. स्वतःचं काही घालायचं नाही." ही शेवटची सूचना सोडून बाकी सगळं मी पाळलं.

पाहुणी स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरली होती. चाळिशी ओलांडलेली, केस अगदी बारीक कापलेले, आणि रंगरूपाने आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईत खपून जाईल अशी. तोंड उघडलं की मात्र थेट विलायत. चहा मागवला आणि तिने आपली हकीकत सांगितली.

तिची खापरपणजी इथल्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आया होती. साहेबाचं कुटुंब मायदेशी निघालं तेव्हा बोटीवर मुलं सांभाळायला तिला बरोबर घेतलं. मुलं पोचली की तिला परतीच्या बोटीने पाठवायचं, असा बोलीचा करार. मुलं पोचली. तिचं बोचकं लंडनच्या एका घराच्या पायरीवर ठेवलं गेलं आणि दार लागलं. ही पायरी आणि ते दार त्यांच्या घरात चार पिढ्या सांगत आलेत. पुढे ती कपडे धुऊन जगली, एका पाववाल्याशी लग्न केलं, मुलंबाळं झाली. आपली भाषा तिने कुणाला शिकवली नाही. त्या देशात तेव्हा ती बोलण्यात फायदा नव्हता, तोटाच होता. गाव डोंगराच्या बाजूला, बैलगाडीने कॅम्पात यायला पुरा दिवस लागायचा, एवढं सांगायची. आणि एक शब्द मागे ठेवून गेली.

"कुठला?" मी विचारलं.

पाहुणी सरळ बसली. परदेशी माणूस आपला एखादा शब्द उच्चारताना बसतो तशी. म्हणाली, "येटेगा."

मी डोळे मिटले.

"आम्ही घरातून निघताना सगळेजण..." ती पुढे सांगू लागली.

"कळलं," मी म्हणालो. "येटेगाव! शेवटचा 'व' गळालाय. परदेशात गेलं की 'व' गळतोच."

कशाच्या आधारावर म्हणालो, ते विचारू नका. पण तिचे डोळे असे काही लखलखले की मागे फिरणं जमेना. "तुम्हाला माहीत आहे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "पारनेरच्या बाजूला असणार."

जिल्ह्याचा नकाशा मी एकदा शाळेच्या भिंतीवर काढला होता. निळा रंग उरला म्हणून उदार हाताने वापरला, आणि मी निवृत्त होईपर्यंत त्या नकाशात पारनेर तालुक्याला समुद्रकिनारा होता. असा माणूस आता गाव शोधायला निघाला.

आमच्याकडे वाट विचारली तर "माहीत नाही" म्हणत नाहीत. पाहुण्याला रिकामं कसं पाठवायचं? त्यामुळे प्रत्येकजण आम्हाला पुढे पाठवत होता. "येटेगाव व्हय? आसंल आसंल. त्या पवनचक्क्या दिसत्यात का, तितं इचारा." पवनचक्क्यांपाशी मेंढ्यांमागून चाललेला एकजण म्हणाला, "त्ये मागंच ऱ्हायलं की!" पाहुणी खिडकीतून कांद्याची रोपं बघत होती, ज्वारी बघत होती, प्रत्येक घराचं दार बघत होती. दार दिसलं की फोटो. मला वाटलं, हिला बिचारीला माणसांची भीती वाटत असेल.

दुपारी एका गावात चहाच्या टपरीपुढे गाडी थांबवली. भूक लागली होती, दुसरं कारण नव्हतं. बाकड्यावर पाचसहा मंडळी होती. मधोमध पांढरी टोपी घातलेले, कानात ब्लूटूथ अडकवलेले एक भारदस्त गृहस्थ. गावचे माजी सरपंच, हे ते न सांगताच कळत होतं, कारण चहावाला त्यांच्या कपाला बशी देत होता.

"कुठनं आला पाव्हनं?"

इथे मी गाडी चालवून गप्प बसायला हवं होतं. पण समोर वर्ग बसल्यासारखा दिसला आणि माझी छाती फुगली. म्हणालो, "या बाई इंग्लंडहून आल्यात. यांची खापरपणजी याच भागातली. आपला वारसा शोधायला आल्यात."

बशी खाली ठेवली गेली.

"वारस?" सरपंचांनी कानातलं काढलं. "कुनाची वारस?"

"वारस नाही हो, वारसा."

"त्येच त्ये. कुठला गट नंबर?"

"अहो, गट नंबर नाही. यांची मुळं इथली आहेत."

"आता मुलं बी हायेत?"

"मुलं नाही, मुळं! मूळ!"

"म्हंजी मूळ मालक!" बाकड्यावरचा एकजण उठूनच उभा राहिला. दुसऱ्याने मोबाईल काढून कुणाला तरी सांगितलं की वस्तीवरनं दादाला पाठव, विलायतची वाटेकरी आलीया.

"मास्तर," सरपंच म्हणाले (मी मास्तर आहे हे कसं ओळखतात देव जाणे), "तुमी शाळंत चित्रं काढायची सोडून दुसऱ्याच्या बांधावर कशापायी आलात?"

पाहुणीने मला हळूच विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, तुमचं स्वागत करतायत. तिने तत्काळ दोन्ही हात जोडून सरपंचांना वाकून नमस्कार केला. माणूस सवयीचा गुलाम. त्यांचेही हात आपोआप जुळले. जुळल्यावर ते स्वतःवरच चिडले. म्हणाले, "नमस्कार नमस्काराच्या जागी. जमिनीचं न्हाई जमनार."

चहाचे पैसे मात्र त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत.

संध्याकाळी तिला मी घरी घेऊन आलो. येटेगाव मिळालं नव्हतं, मला तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि अशा वेळी मी नेहमी बायकोच्या आडोशाला जातो. तिने काही न विचारता पिठलं टाकलं, बाजरीच्या भाकरी थापल्या. पाहुणी स्वयंपाकघरातच स्टुलावर बसून बघत राहिली. दोघींची भाषा एक नव्हती, पण मला ऐकू येत होतं की माझ्याविषयी हसणं चाललंय. जेवताना तिने दुसरी भाकरी स्वतः मागून घेतली आणि बोटं चाटली. बायकोने लोणच्याची बरणी तिच्या पुढ्यात सरकवली. हे आमच्याकडे जावयालाही लवकर मिळत नाही.

मग तिची रिक्षा आली. बायको आत ओट्यापाशी भांडी घासत होती. पाहुणीने बूट घातले, पिशवी खांद्याला लावली आणि उंबऱ्यातून बाहेर पडता पडता, मागे न बघता, घाईत पुटपुटली.

"येते गं."

आतून, नळाच्या आवाजातून बायकोचं उत्तर आलं, "हं, ये गं. सावकाश ये."

नळ बंद झाला. बायको ओल्या हातांनी बाहेर आली. पाहुणी पायरीवर एक पाय खाली, एक वर अशी थांबली होती.

"कोण बोललं आत्ता?" बायकोने विचारलं.

दारात आमच्या तिघांशिवाय कोणी नव्हतं.

नमुना म्हणून उच्चारला की शब्द ताठ उभा राहतो, शाळेच्या तपासणीला उभा राहिल्यासारखा. हॉटेलात तिने मला 'येटेगा' ऐकवलं होतं ते तसं. आता नकळत निघालं ते मऊ, वापरून वापरून मऊ झालेलं. आणि मला सगळं लख्ख दिसलं. दिसल्यावर मी काय करावं? मी हसत सुटलो. "येते गं! अहो, हे गाव नाही! येते गं!" तालुकाभर फिरवलेल्या बाईपुढे मी टाळ्या वाजवत होतो.

बायकोने मला बाजूला केलं आणि तिला आत बसवलं. रिक्षावाल्याला दहा मिनिटं थांबायला सांगितलं, त्यालाही चहा गेला.

मग पाहुणीने हॉटेलात मी तोडलेलं वाक्य पूर्ण केलं. त्यांच्या घरात बाहेर पडताना प्रत्येकजण हा शब्द म्हणतो. शाळेत जाताना, कामावर जाताना, नव्या घरात राहायला जाताना. अर्थ कुणालाच माहीत नाही. सगळे धरून चालले होते की हा निरोपाचा शब्द आहे. त्यावर तिने कित्येक वर्षं काम केलंय. जुनी दारं उभी करायची, प्रत्येक दारामागे घरातल्या एकेकाचा आवाज लावायचा, कोणी जवळ गेलं की दारामागून तो शब्द यायचा. साहेबाने लावलेलं दार आणि खापरपणजीचा शेवटचा निरोप. त्या कामाने तिचं नाव झालं होतं. ती निरोपाची चित्रकार होती.

"आणि तुम्ही म्हणता, याचा अर्थ..."

"मी येतेय," मी म्हणालो. "आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत. जाणारीही 'येते'च म्हणते."

तिने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. हिची सगळी दारं मी एका वाक्यात पाडली. धीर द्यावा म्हणून म्हणालो, "नुसतं नाव बदला ना कामाचं. फळा पुसून नवीन लिहायचं." बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही.

पाहुणीने मोबाईलवर तिच्या वडिलांचा आवाज लावला. भरदार, दाढी असावी असा. "येते गं." अगदी स्वच्छ, मुलीपेक्षाही चांगलं मराठी.

आता व्याकरणाची चूक कानावर आली आणि मी गप्प बसलो, असं कधी झालंय? "हे चुकलं," मी म्हणालो. "पुरुषाने 'येतो' म्हणायचं. आणि 'गं' बाईला म्हणतात. हवं तर मी माझ्या आवाजात दुरुस्त करून देतो."

"अहो," बायको म्हणाली, "बाईकडून शिकलेत ना ते."

ती एवढंच बोलली. पुढचं मला पोचायला थोडा वेळ लागला. चार पिढ्यांतले सगळे पुरुष, दाढ्यामिशांसकट, एका बाईच्या तोंडचं बोलत आले होते. आणि ती बाई ते कुणा बाईलाच म्हणाली होती. या जिल्ह्यातल्या कुठल्यातरी दारात उभ्या असलेल्या, 'गं' म्हणण्याइतक्या जवळच्या. आईला म्हणाली असेल. नाहीतर बहिणीला. मी हे पाहुणीला सांगायला गेलो तर माझं इंग्रजी मध्येच आटलं. मग मी हातवारे केले. ते कळले.

तिने डोळे पुसले आणि भलतंच विचारलं. "काकू आतून काय म्हणाल्या?"

"ये म्हणाली."

"म्हणजे याला उत्तर असतं?"

"असतं की. घरातलं कोणीतरी म्हणतंच."

"आमच्याकडे कोणी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "आम्हाला अर्धंच आलं."

तेव्हाच तिने ठरवलं की दारं इथे लावायची, एकदा तरी. तिला बघायचं होतं, खापरपणजीच्या मुलखात, कुणी न सांगता, कोणी उत्तर देतं का. आमच्या घरी मिळालेलं उत्तर ती धरायला तयार नव्हती. काकू भांडी घासत होत्या, त्यांना वाटलं घरातलंच कोणी. दारामागच्या अनोळखी आवाजाला कोणी 'ये' म्हणेल का? तिने मला बजावलं, लोकांना शब्दाबद्दल एक अक्षर सांगायचं नाही. कोणीच बोललं नाही तर तेही खरं मानायचं, आणि ती दारं परत कुठेच लावणार नाही. हे ती अगदी शांतपणे म्हणाली. म्हणून मला भीती वाटली.

"लावायची कुठे?"

"तुम्ही शोधलेल्या गावात."

"तिथे गट नंबर विचारतात."

"पण चहाचे पैसे घेत नाहीत," ती म्हणाली.

त्या गावच्या शाळेचा मुख्याध्यापक माझा जुना विद्यार्थी निघाला. चित्रकलेत कोणी नापास होत नसल्याने माझ्याविषयी कुणाच्या मनात अढी नसते. त्याने रविवारी एक मोठी खोली दिली. दारं मी जुन्या बाजारातून आणली. विकणाऱ्याने विचारलं, घर केवढं आहे? मी म्हणालो, घर नाही, नुसती दारंच लावायची आहेत. त्याने मला आधी बसवून पाणी दिलं, मग भाव सांगितला.

दारं जड होती. उभी करताना कुणीतरी धरून ठेवायला हवी. म्हणून मी मुख्याध्यापकाला निरोप दिला, "रविवारी सकाळी दारं धरायला चार माणसं सांगून ठेव." त्याने तो जसाच्या तसा पुढे दिला. आम्ही पोचलो तर शाळेच्या फाटकात चार जवान गडी उभे, पायात गमबूट, खांद्यावर खोरी. रब्बीचे दिवस, त्यात वीज सकाळी येते. दारं धरायची म्हणजे पिकाला पाणी द्यायचं, दुसरं काय?

"मास्तर, पाट कुठाय?" त्यातल्या एकाने विचारलं.

मी दारांकडे बोट दाखवलं. त्यांनी दारांकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. "शेरातल्या मानसाला सांगून उपेग न्हाई," थोरला म्हणाला आणि खोरी भिंतीला टेकवून चौघांनी दारं धरली. दुपारपर्यंत धरली. तोवर शेतातली वीज गेलेली होती, त्याचं ते बोलले नाहीत.

लोक मात्र आले. बरेच आले. विलायतची वाटेकरी नेमकं काय मांडतेय, हे प्रत्येकाला बघायचं होतं. बायका पदर सावरत, पुरुष हात पाठीमागे बांधून. शब्दाबद्दल बोलायचं नाही, असं मी वचन दिलं होतं. वसाहतवादाबद्दल दिलं नव्हतं. मी खुर्चीवर चढलो आणि सुरू केलं, "मंडळी, ही कला वसाहतवादाविषयी आहे..."

"कुठल्या वसाहतीतला वाद?" मागून एका बाईने विचारलं.

"सावेडीतला आसंल," दुसरी म्हणाली. "मास्तर तितंच ऱ्हात्यात."

"पार्किंगवरनं झाला आसंल."

बायकोने माझा सदरा ओढला. मी उतरलो.

पहिली मंडळी दारांजवळ गेली. दारामागून पाहुणीच्या भाचीचा आवाज आला. कोणी काही बोललं नाही. लोकांनी लाकूड वाजवून बघितलं. "सागवान हाय." "छ्या, देवदार." "बिजागरी बघ, जुनी हाय." दारातून पुन्हा आवाज आला. "विंग्रजी बोलतंय," एकाने निर्वाळा दिला. प्रदर्शन म्हटलं की आपली माणसं देवळात आल्यासारखी गप्प होतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दारं आपली एकामागून एक 'येते गं, येते गं' करत होती आणि खोलीभर नुसते पाय सरकल्याचे आवाज.

पाहुणी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती. आधी ती लोकांचे चेहरे बघत होती. मग जमिनीकडे बघायला लागली. माझ्या जिभेवर तो एकाक्षरी शब्द असा काही वळवळत होता की मी दोनदा खोकलो. मीच मोठ्याने 'ये' म्हणालो तर? एकाने म्हटलं की बाकीचे म्हणतील. बायकोने माझं मन वाचलं असावं. तिने पर्समधून लिमलेटची गोळी काढली आणि सरळ माझ्या तोंडात घातली.

तेवढ्यात सरपंच आले. दारं बघायला नव्हेत. आपल्या गटाची मोजणी तर चालू नाही ना, याची खात्री करायला. कानात ब्लूटूथ, मोठ्या आवाजात बोलणं चाललेलं. ऊसतोडीची टोळी, टेम्पो, कुणी उचल घेऊन पळालेला. बोलत बोलत ते खोलीच्या मधोमध आले आणि सवयीने दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

त्या दारामागे पाहुणीच्या आत्याचा आवाज होता. आत्याने तिला वाढवलेलं. ती आता नाही.

"येते गं," दार म्हणालं.

"हां, ये गं, जपून ये," सरपंच मागे न बघता म्हणाले आणि फोनवर पुढे बोलू लागले, "तुला न्हाई रं, घरात कोन तरी..."

आणि थांबले. मागे वळले. दारामागे कोणी नव्हतं. दारामागे घरही नव्हतं.

खोलीत एक बाई फिस्सकन हसली. मग सगळ्याच हसल्या. आणि हसता हसता गाठ सुटावी तशी त्यांना दारांची भाषा कळली. पलीकडचं दार बोललं, तर एक म्हातारी म्हणाली, "ये माय, बिगीनं ये." पाहुणीच्या वडिलांचं दार बोललं, तेव्हा बायकांची हसून मुरकुंडी वळली, "आवं, ह्यो बाप्या बाईवानी बोलतुया!" पण उत्तर त्यालाही मिळालं, "ये रं बाबा." भाचीच्या दारापुढे एक तरुण पोरगी थांबली. तिची बहीण नुकतीच नांदायला गेली होती, हे मला नंतर कळलं. ती दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाली, "पोचली की फोन कर."

सरपंच अजून त्याच दारापाशी होते. मला खुणेने बोलावलं. "मास्तर, ही कोन बोलली आत्ता? खरं सांगा."

मी सगळं सांगितलं. पायरी, बोचकं, लागलेलं दार. पहिल्यांदाच कुणी मला मध्ये तोडलं नाही, आणि मीही स्वतःचं काही घातलं नाही. ते ऐकत राहिले. ब्लूटूथमध्ये कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"कोन आनायला न्हाई गेलं व्हय तिला?" त्यांनी विचारलं. "लेकीला आनायला कोन तरी जावं लागतं. मूळ धाडावं लागतं. ती आपली आपन कशी येनार?"

मी पाहुणीकडे पाहिलं. तिला शब्द कळले नव्हते. ती भिंतीपाशी खाली बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून. बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. म्हातारी तिच्यासमोर उकिडवी बसून तिची हनुवटी वर करून बघत होती. कुणासारखी दिसते ते ठरवायला. "नाक आमच्याकडचं हाय," तिने निकाल दिला. गावात कुणी विलायतेला गेल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. तरी नाक गावचंच.

निघताना सरपंच गाडीपर्यंत आले. कांद्याची अर्धी गोणी डिकीत टाकायला लावली. "जमिनीतलं एवढंच," ते मला म्हणाले. "सांगा तिला."

मी सांगितलं. ती हसली आणि पुन्हा वाकून नमस्कार केला. या खेपेला ते हात जोडल्याबद्दल स्वतःवर चिडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. दारं गावच्या शाळेलाच दिली. दोन खोल्यांना दारं नव्हतीच. कांदे बायकोला दिले, त्यातला एक मात्र पिशवीत घातला. विमानतळावर काढून घेतील म्हटलं तर म्हणाली, घेऊ देत.

आमच्या दारात रिक्षा उभी. तिने बायकोला मिठी मारली आणि म्हणाली, "येते गं, काकू."

"ये गं. पोचलीस की कळव."

मग माझ्याकडे वळली. "येते गं, सर."

'गं' माझ्यासाठी! व्याकरण घशाशी आलं. ते मी निकराने गिळलं. पण ते गिळण्याच्या भरात तोंडातून काय निघावं? "ओके, बाय बाय! हॅपी जर्नी!"

रिक्षा सुटली. बायको माझ्याकडे बघत राहिली. "काय म्हणालात तुम्ही तिला?"

कळलं तेव्हा मी पळत सुटलो. स्लिपर घालून, या वयात, भर कॉलनीत, रिक्षाच्या मागे. "ये! ये गं! ये!" बाल्कन्यांतून माणसं डोकावली. कोपऱ्यावर रिक्षाचा ब्रेक लागला, आणि ती गर्रकन वळून परत आली. पाहुणीने घाबरून डोकं बाहेर काढलं.

"काय ऱ्हायलं का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही," मी धापा टाकत म्हणालो. "नुसतं ये म्हणायचं होतं."

"मग आलो की."

"तसं नाही रे. आता जा तू."

"काका, ये म्हनता, जा म्हनता. जाऊ का येऊ, एक काय ते ठरवा ना."

पाहुणी आत बसून हसत होती, आणि बरोबर डोळेही पुसत होती.

"ये," मी म्हणालो.

त्याने कपाळाला हात लावला आणि गेला.